शेवटची तासिका आणि साडेचारची एसटी

बचतगटाच्या या कार्यक्रमात आज कर्ज नाही, हप्ता नाही, शेंगाचटणीचं पॅकिंगही नाही. आज बोलायचंय शाळेच्या वेळापत्रकाबद्दल. तुम्ही म्हणाल, ते तर हेडमास्तरांचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी त्या समित्यांवर आहेत. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्याही पुष्कळ ठिकाणी आपल्याच. आणि वेळापत्रक बिघडलं की त्याचा फटका कुणाला बसतो, तर आपल्या पोरींना.

आमच्या भागातल्या एका शाळेतली गोष्ट सांगतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष कुणाचाच नव्हता. पाचवी ते दहावी, प्रत्येकी एक तुकडी, नऊ शिक्षक. शाळा अकराला भरायची आणि पावणेपाचला सुटायची. वस्त्यांवरून येणाऱ्या मुलींची परतीची एसटी फाट्यावरून साडेचारला. पुढची गाडी अंधार पडल्यावर, आणि त्या गाडीनं पोरीला पाठवायला कोणती आई तयार होईल? मग या मुली चार वाजून वीस मिनिटांनी दप्तर आवरायच्या. शेवटची तासिका चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायची, म्हणजे त्यांना तिच्यातली दहा मिनिटं मिळायची. आणि दहावीला शेवटची तासिका कशाची? तीन दिवस गणित, दोन दिवस विज्ञान. सरांचा हेतू चांगला होता. गणित शेवटी ठेवलं की त्याला जोडून जादा तास घेता येतो. पण ज्यांना गणिताची सर्वांत जास्त गरज, त्याच रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या. आठवड्याला पाच तासिका, छत्तीस आठवडे धरले तर १८०. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आठवीपर्यंत पुस्तकं मोफत आहेत, आणि वेळापत्रकात एवढं मोठं भोक!

पालकसभेत गटाच्या बायकांनी हा विषय काढला. मुख्याध्यापक ऐकून घेणारे. ते म्हणाले, "ताई, कळतंय मला. पण एक तासिका हलवली की दहा हलतात. तक्ता बसतच नाही." आणि त्यांनी कपाटातून पुठ्ठा काढून दाखवला. त्यावर रंगीत कागदाचे चौकोन, टाचण्या टोचलेल्या. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आठ-आठ दिवस ते हेच करत बसायचे.

तक्ता का बसत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आपलं होटगी स्टेशन डोळ्यासमोर आणा. सोलापूरहून आलेली लाइन इथं फुटते, एक वाडीकडे आणि एक विजयपूर-गदगकडे. एका रुळावर एका वेळी एकच गाडी. एक थांबवली की तिच्या मागची थांबते, तिच्यासाठी दुसरीकडे वाट बघणारी थांबते. शाळेतही तेच. एका वेळी एक शिक्षक एकाच वर्गात, एका वर्गात एकच शिक्षक. प्रयोगशाळा एक, मैदान एक. गणिताचे सर बुधवारी तिसऱ्या तासिकेला नववीतून दहावीत हलवले, तर नववीत कुणीतरी यावं लागतं. जो येईल तो आठवीतून उठून येतो. आठवी मोकळी पडते.

आकडा ऐकायचाय? एका वर्गाचा एकच दिवस घ्या, आठ तासिका, आठ वेगळे विषय. ते मागेपुढे करून ४०,३२० प्रकारे लावता येतात. सहा वर्गांचा तो एकच दिवस धरला तर होणारी संख्या २८ आकडी. त्यातले बहुतेक प्रकार टक्कर होणारे, म्हणून टाकाऊ. चालतील असे थोडे, पण ते या ढिगात कुठं दडलेत ते शोधायचं. १९७६ साली इवन, इताई आणि शमीर या तिघा संशोधकांनी सिद्ध केलं की वेळापत्रकाचा हा प्रश्न गणितातल्या अतिशय अवघड प्रश्नांच्या जातीतला आहे. कितीही मोठ्या तक्त्याला झटपट आणि हमखास उत्तर देईल अशी रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही. यातले शमीर म्हणजे साधी असामी नव्हे. पुढच्याच वर्षी ज्या तिघांनी संगणकावरच्या व्यवहारांना लागणारी प्रसिद्ध कुलूपपद्धत शोधली, त्यांतले ते एक. तेव्हा एखाद्या मुख्याध्यापकाला जूनमध्ये घाम फुटत असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता या कामात ती एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, काही मदत करेल का? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. त्यानंतर जेमिनी आलं, आणि २०२४ पासून तर व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआयचं निळं वर्तुळ दिसायला लागलं. गटातल्या कितीतरी जणींनी ते चुकून दाबलंय आणि घाबरून बंद केलंय. घाबरायचं कारण नाही. पण त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, हे मात्र माहीत पाहिजे.

आमच्या गटातल्या एकीची मुलगी बीसीए झालेली. तिला घेऊन आम्ही चौघीजणी आणि मुख्याध्यापक असे एका शनिवारी दुपारी शाळेत बसलो. सर म्हणाले, आधी सरळ सगळा तक्ताच मागून बघू. मागितला. अर्ध्या मिनिटात देखणा तक्ता आला, चौकटी सरळ, विषयांची नावं शुद्ध. सर खूश. बीसीएवाली पोरगी मात्र बोट ठेवून एकेक चौकट वाचत गेली आणि म्हणाली, "सर, बुधवारी तिसऱ्या तासिकेला विज्ञानाच्या मॅडम नववीतही आहेत आणि दहावीतही." तसं त्या सहायकाला लिहून कळवलं. त्यानं लगेच माफी मागितली, बरोबर केलंय म्हणाला, आणि नवा तक्ता दिला. त्यात बुधवार सुधारला होता आणि शुक्रवारी इंग्रजीचे सर दोन वर्गांत उभे केले होते.

हे असं का होतं? हे सहायक मुळात भाषेचे कारागीर. कोट्यवधी पानं वाचून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभतो, हे ते शिकलेले असतात. वेळापत्रक कसं दिसतं ते त्यांना पक्कं ठाऊक. पण दोनशे सत्तर चौकटी एकाच वेळी ध्यानात धरून, एकही टक्कर नाही ना, हे काटेकोर तपासणं हा त्यांचा हातखंडा नव्हे. छान बोलणारा माणूस हिशेबात पक्का असेलच असं नाही, हे बचतगट चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. आणि त्यातही धोका हा की चुकलेला तक्तासुद्धा बरोबर असल्यासारखाच दिसतो. काही नवे सहायक आतल्या आत छोटा प्रोग्रॅम लिहून तो चालवतात, त्यांचं उत्तर बरं येतं. तरी तपासल्याशिवाय भिंतीवर लावायचं नाही.

मग त्याचा उपयोग कशाला? पुढं जे केलं ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. तक्ता मागायचा नाही, त्याला प्रश्न विचारायला लावायचं. आम्ही फोनचा माइक दाबून मराठीत बोललो. शब्द साधारण असे: "आमच्या शाळेत सहा वर्ग आणि नऊ शिक्षक आहेत. तू आम्हाला वेळापत्रक बनवून देऊ नकोस. वेळापत्रक करायला जी जी माहिती लागते, ती एकेक प्रश्न विचारून आमच्याकडून काढून घे. एका वेळी एकच प्रश्न. शेवटी सगळ्या अटी क्रमांक घालून साध्या मराठीत लिही, आणि त्यातल्या कोणत्या मोडूच शकत नाहीत व कोणत्या जमल्या तर बऱ्या, ते वेगळं कर."

तासभर तो विचारत होता आणि सर सांगत होते. किती तासिका? सोमवार ते शुक्रवार रोज आठ, शनिवारी पाच, म्हणजे आठवड्याला पंचेचाळीस. सहा वर्गांच्या मिळून २७०. प्रयोगाला जोडतासिका हवी का? हवी. मैदानावर एका वेळी किती वर्ग मावतात? एकच. कोणी शिक्षक अर्धवेळ आहे का? आणि मग एक प्रश्न आला की सर थांबले. शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ कुणी ठरवली आहे, आणि ती बदलता येते का?

सर म्हणाले, "अकरा ते पावणेपाच. पहिल्यापासून तीच आहे." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? तेव्हा एसटी कधी होती? हे कुणालाच सांगता येईना. कुणाच्याही यादीत न आलेली ही अट होती, कारण तिला कुणी अट समजलंच नव्हतं. त्या यंत्राला काही होटगीची एसटी माहीत नव्हती. त्यानं फक्त, वेळापत्रकाबद्दल जे कुणीही विचारायला हवं, ते विचारलं. आपण माणसं रोज त्याच घंटेला उठतो-बसतो, म्हणून आपल्याला ते सुचत नाही. घंटा काही हलत नाही अशातला भाग नाही. २०२४ सालीच राज्य सरकारनं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहान पोरांची झोप पुरी होत नाही म्हणून. मग एसटीसाठी का हलू नये?

तरी वेळ हलवण्याआधी सरांनी मोजणी करून घेतली. ही पायरी गाळू नका, तिला संगणक लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते. गणित आठवड्याला सात तासिका, सहा वर्ग, झाल्या बेचाळीस. विज्ञान सहा तासिका, सहा वर्ग, छत्तीस. एकूण अठ्ठ्याहत्तर. गणित-विज्ञानाचे शिक्षक दोन, म्हणजे माणशी एकोणचाळीस. आठवड्यात एकूण जागा पंचेचाळीस. त्या दोघांना आठवड्याला फक्त सहा तासिका श्वास घ्यायला. असे शिक्षक हलवायला जागाच नसते, आणि तक्ता बसत नव्हता तो इथंच. भूगोलाच्या मॅडमची पदवी विज्ञानाची निघाली. पाचवी-सहावीचं विज्ञान त्यांनी घेतलं, बारा तासिका कमी झाल्या, दोघांकडे तेहतीस-तेहतीस उरल्या. जे मोजणीतच बसत नाही ते जगातलं कोणतंही यंत्र बसवू शकत नाही. बारा माणसांचं पीठ मळून तीस माणसं जेवू घालण्यासारखं ते.

अटी लिहून झाल्यावर प्रत्यक्ष बसवण्याचं काम आम्ही त्या गप्पिष्ट सहायकाला दिलं नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आहे, नाव फेट. रोमानियातल्या लिव्हियू लालेस्कू यांनी सुरू केलेलं, आणि सगळ्यांना फुकट. शाळेच्या जुन्या संगणकावरही चाललं. शिक्षक, वर्ग, विषय, खोल्या आणि अटी त्यात भरायच्या. प्रत्येक अटीला टक्के द्यायचे. शंभर टक्के म्हणजे मोडायचीच नाही, त्याहून कमी म्हणजे जमलं तर. मग ते स्वतः मांडत बसतं. फडताळ लावताना आपण मोठे डबे आधी ठेवतो आणि वाट्या-चमचे फटींत सारतो, तसंच ते सर्वांत अडचणीची तासिका आधी ठेवतं. एखादी मावली नाही तर आधीच्या एकदोन उचलून, तिला जागा करून, त्यांना दुसरीकडे बसवतं. अगदीच अडलं तर कोणत्या तासिकेपाशी अडलं तेही दाखवतं. टक्कर असलेला तक्ता ते पुरा झाला म्हणून देत नाही. त्याचा कारभार हिशेबनीसाचा आहे, गोड बोलत नाही आणि खोटंही बोलत नाही.

या दोघांची सांगड घातली की काम सोपं होतं. फेटमध्ये अटी कशा भरायच्या हे सहायकाला मराठीत विचारायचं. तोंडी सांगितलेल्या अटींचे त्यानं तक्ते करून द्यायचे. फेट अडलं की त्याचा इंग्रजी संदेश सहायकाला दाखवायचा आणि सोप्या भाषेत समजावून घ्यायचा. आणि तयार तक्ता प्रत्येक शिक्षकाच्या नावे वेगळा, प्रत्येक वर्गाचा वेगळा, मराठीत आणि लागला तर कन्नडमध्ये लिहून घ्यायचा. आपल्याकडे अर्ध्या घरांत कन्नड बोलतात. कागद मराठी आणि घरात आजी कन्नड, अशी परिस्थिती असते. मात्र कन्नड मजकूर कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून बघून घ्या.

पहिल्या फेरीत आम्ही शाळेची वेळ तीच ठेवून बघितली होती. अट घातली की आठवी-नववी-दहावीला शेवटच्या तासिकेला गणित, विज्ञान, इंग्रजी येऊ नये. फेटनं पाळली. शेवटी काय आलं? शारीरिक शिक्षण, चित्रकला, जलसुरक्षा. कागद बघून गटातली एक अक्का म्हणाली, "मग माझ्या पोरीनं खेळायचं कधी? ती तर एसटीत असणार." बरोबरच होतं तिचं. यंत्रानं गणित वाचवलं आणि खेळ घालवला, कारण त्याला तेवढंच सांगितलं होतं. मुलींच्या वाट्याचा खेळ काढून घेणं हे सगळ्यांना इतकं सवयीचं आहे की तक्त्यावर ते दोष म्हणून दिसतच नाही. ते दिसायला आईचे डोळे लागले.

शेवटची तासिका कापून शाळा लवकर सोडावी, असंही एकीनं सुचवलं. पण तसं करता येत नाही. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झालं पाहिजे, पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, असं कायद्यात लिहिलंय. म्हणजे तासिका आठच राहणार. राहिली घंटा. पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका म्हणजे २८० मिनिटं, परिपाठाची पंधरा, मोठ्या सुट्टीची चाळीस, लहान सुट्टीची दहा, एकूण ३४५ मिनिटं, पावणेसहा तास. अकराला भरली तर पावणेपाच. दहा पस्तीसला भरली तर चार वीस. फाट्यापर्यंत चालायला पाच मिनिटं. साडेचारची एसटी आरामात मिळते.

आणि गंमत म्हणजे सकाळची एसटी या मुलींना सव्वादहालाच आणून सोडायची. पाऊण तास त्या पायऱ्यांवर बसून असायच्या, रोज. सगळ्यांना दिसत होतं.

तरी घंटा हलवणं फुकट नसतं. सोलापूरहून येणाऱ्या शिक्षकांना आधीची बस धरावी लागली. एका मॅडमचं बाळ लहान, त्यांना पहिली तासिका नको होती, ती अट ऐंशी टक्क्यांनी घातली आणि आठवड्यातले चार दिवस जमली. आहार शिजवणाऱ्या बायकांची चूल पंचवीस मिनिटं आधी पेटायला लागली. त्यांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, हा आमचा हट्ट होता. बहुतेक शाळांत स्वयंपाकी मदतनीस बाईला वेळापत्रकाच्या बैठकीत कुणी बोलावत नाही, आणि मोठी सुट्टी तर तिच्याच हातावर चालते! त्यांनी एक अट घातली. सहाही वर्ग एकदम जेवायला सोडू नका, पाचवी-सहावी दहा मिनिटं आधी सोडा, म्हणजे वाढताना ओढाताण होणार नाही. ती यादीत घातली. संस्थेची आणि समितीची मंजुरी घेऊन दुसऱ्या सोमवारपासून नवी घंटा सुरू झाली. आता खेळाची तासिका सोमवारी आणि गुरुवारी दुपारी आहे, शेवटी नाही.

दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळांचं दुखणं वेगळं. तिथं चार वर्ग आणि दोन माणसं, टक्कर टाळणं शक्यच नाही, कारण एक बाई कायम दोन वर्गांत असतात. तिथं प्रश्न असतो जोडीचा. पहिलीला वाचन शिकवत असताना दुसरीनं स्वतःचं स्वतः काय करायचं? इथं हा बोलका सहायक खरोखर कामाचा. "दुसरीच्या मुलांना वीस मिनिटं, बाईंच्या मदतीशिवाय, खडे आणि काड्या वापरून करता येतील अशा वजाबाकीच्या पाच कृती सांग", असं विचारलं तर पाचातल्या तीन चांगल्या निघतात. साधनं कमी असली तरी चालतं. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणून २०२० चं ग्लोबल टीचर पारितोषिक घेऊन आले, तीही जिल्हा परिषदेचीच शाळा. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ जणांत वाटली, हे आम्हाला कोडपेक्षाही जास्त आवडलं.

कॉलेजात शिकणाऱ्या पोरींचं वेळापत्रक तर आणखी गुंत्याचं झालंय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषय, गौण विषय, दुसऱ्या शाखेचा खुला विषय असं प्रत्येकीचं ताट वेगळं. वर्गाचं एकच वेळापत्रक राहिलंच नाही. एक लेक्चर सकाळी आठला आणि दुसरं दुपारी दोनला, मधले तास सोलापुरात काढायचे कुठं? प्रवेश घेतानाच, विषय निवडण्याआधी, त्या विषयाची वेळ विचारून घ्या. पोरीनं सगळे विषय आणि त्यांच्या वेळा लिहून सहायकाला विचारलं, की कोणत्या निवडीत मधला रिकामा वेळ सर्वांत कमी पडतो, तर तो दोनतीन पर्याय मांडून देतो. ते पर्याय कॉलेजच्या फलकाशी ताडून बघायचे.

काही पथ्यं मात्र पाळायचीच. मुलांची नावं, जन्मतारखा, फोन नंबर, कुणाच्या घरचं काय, कुणा मॅडमचं आजारपण, यातलं काही त्या सहायकाला सांगायचं नाही. आम्ही शिक्षकांना शि-१, शि-२ असे क्रमांक दिले आणि कुणाचा क्रमांक कोणता हा कागद सरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. "एका शिक्षकाला पहिली तासिका शक्यतो नको" एवढं पुरतं, कारण सांगायची गरज नसते. माणसांच्या डिजिटल माहितीच्या रक्षणासाठी देशात २०२३ साली कायदा झालाय आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी जास्त कडक तरतूद आहे. कायदा नसता तरी आपल्या पोरींची नावं आपण चव्हाट्यावर टाकली नसती. दुसरं, पैसे मोजू नका. वेळापत्रकासाठी महिना इतके रुपये सांगणारे येतील, गोड बोलतील. एका तुकडीच्या शाळेला फुकटातलं भरपूर होतं. तिसरं, छापण्याआधी दोन माणसांनी तक्ता आडवा आणि उभा वाचायचा. एकानं वर्गाप्रमाणे, दुसऱ्यानं शिक्षकाप्रमाणे. यंत्र कितीही शहाणं असो, आम्ही हे सोडलेलं नाही.

रोजची डोकेदुखी म्हणजे बदली तासिका. शिक्षक प्रशिक्षणाला गेले, निवडणुकीच्या कामाला गेले, आता जनगणना २०२७ चं कामही आहेच. कायद्यानं शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं सोडून दुसरी बिनशैक्षणिक कामं देता येत नाहीत, पण एवढ्याच तीन कामांत वर्षाचे किती दिवस जातात ते सरांना विचारा. अशा दिवशी मोकळं कोण, हे तयार तक्ता दाखवून सहायकाला विचारलं तर तो यादी देतो. पण कुणावर या महिन्यात किती बदली तासिका पडल्या, हे लिहिलेली साधी वही नसेल तर भार नेहमी त्याच गरीब स्वभावाच्या मॅडमवर पडतो. ती वही शाळेत सुरू झालीय. शंभर पानी, वीस-पंचवीस रुपयांची.

हेच तंत्र आमच्या एका गटानं आहाराच्या पाळ्यांसाठी वापरलं. दहा बायका, रोज दोघी चुलीवर. एकीला सोमवारी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायचं असतं, दुसरीला गुरुवारी उपास, तिसरी-चौथीचं एकमेकींशी पटत नाही. ती शेवटची अटसुद्धा यादीत आली, फक्त क्रमांकानं.

एसटीची वेळ पंधरा मिनिटं पुढं न्यावी असा अर्जही आम्ही आगाराला दिलाय, ग्रामपंचायतीच्या ठरावासह. अजून उत्तर आलेलं नाही. आणि मार्चमध्ये ऊन वाढलं की शाळा सकाळची होईल, मग पुन्हा सगळं नव्यानं. शाळा सातला भरणार आणि वस्तीवरची पहिली एसटी साडेसातला. त्या तक्त्यासाठी सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी दुपारी शाळेतच बसायचं ठरलंय. येताना आपापल्या वस्तीवरून गाडी किती वाजता निघते आणि फाट्यावर किती वाजता पोचते, ते सलग आठ दिवस बघून कागदावर लिहून आणा. एसटीच्या फलकावरची वेळ नको, खरी वेळ.